आमचं काही नसतं

"आमचं काही नसतं हो, जावईबापू. पानात पडेल ते खायचं, ही लहानपणापासूनची सवय," असं म्हणत अण्णांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि मी सुटकेचा नि:श्वास सोडला. तो अर्धाच सोडून झाला होता. चपला काढता काढता ते म्हणाले, "फक्त तिखट तेवढं चालत नाही." हातपाय धुऊन आले ते वांगं आणि गवार वगळून. चहाचा पहिला घोट घेईपर्यंत कच्चा कांदा गेला. कपबशी खाली ठेवेपर्यंत अळंबी गेली. ("कुत्र्याची छत्री हो ती!") आणि रात्री दिवा मालवल्यावर आतल्या खोलीतून शेवटची उपसूचना आली, "लसूण चालतो, पण दिसता कामा नये."

माईंचं, म्हणजे सासूबाईंचं, मात्र खरोखरच काही नव्हतं. रत्नागिरीच्या घराच्या पायरीवरून घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर, पुढे व्यायाम, आणि तोवर आमच्याकडे मुक्काम. हिला बँकेत जायला सकाळी पावणेआठची लोकल गाठावी लागते. मी गेल्याच वर्षी निवृत्त झालो. निवृत्त माणसाच्या वेळेवर घरातल्या प्रत्येकाचा समान हक्क असतो, त्यामुळे स्वयंपाकघराचा ताबा आपोआप माझ्याकडे आला.

कोणी म्हणेल, यात काय अवघड आहे? वरण-भात लावायचा, वर तूप सोडायचं, लिंबाची फोड ठेवायची. पहिल्या दिवशी मी तेच केलं. अण्णा जेवले आणि म्हणाले, "छान आहे. माई हिंग जरा आधी घालते." दुसऱ्या दिवशी आमटी. "छान आहे. माई गूळ जरा नंतर घालते." अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. वाईट असं ते बोलत नाहीत, फक्त चूक दाखवतात. खरा त्रास निराळाच होता. ते असं म्हणाले की समोर गळ्यात झोळी अडकवून बसलेल्या माई खुर्चीतून अर्धवट उठत. "मी सांगते ना, डाव्या हातानं ढवळते," म्हणत. त्यांना पुन्हा बसवताना आमच्या हिचा आवाज चढे, आणि जेवणावर एक विरजण पडे. छप्पन्न वर्षं जिनं ही आमटी केली ती समोर बसलेली असताना आपण तीच आमटी करणं म्हणजे मूळ कवी पहिल्या रांगेत बसलेला असताना त्याच्या कवितेचं वाचन करण्यासारखं आहे.

तेव्हा मी ठरवलं की माई जिथं कधी गेल्याच नाहीत तिथं जायचं. थायलंड, चीन, जावा, ब्रह्मदेश. तिथल्या पदार्थांची पुस्तकं माझ्याकडे फळीभर आहेत आणि रविवारी त्यांतलं काहीबाही करून बघायची मला जुनी खोड आहे. "आमच्याकडे असं करत नाहीत" हे वाक्य तिथं कुणाला उच्चारताच येणार नाही. तुलनात्मक समीक्षेचा रस्ताच बंद!

पुढं जे घडलं त्याचं हे परीक्षण. स्वत:च्या कृतीचं परीक्षण स्वत:च लिहिणं शिष्टसंमत नाही, याची मला जाणीव आहे. पण मराठीत ते अगदीच घडत नाही असंही नाही. फक्त खाली नाव दुसऱ्याचं घालतात.

पहिली कृती थाई हिरवी करी. या करीच्या वाटणात हिरव्या मिरच्या, गवती चहाचे दांडे, गलांगल नावाचं आल्याचं चुलतभावंड, कोथिंबिरीची मुळं, लसूण, एवढा सरंजाम असतो आणि तो नारळाच्या दुधात शिजवतात. मी मिरच्या काढल्या. पुस्तकानंच तशी मुभा दिली होती, 'मिरच्या चवीनुसार'. मासळीचं खारं पाणी काढलं, कारण घर शाकाहारी. मग अळंबी काढली, थायलंडची छोटी वांगी काढली. राहिलं काय? नारळाच्या दुधात उकळलेला गवती चहा. अण्णांनी एक चमचा घेतला, चष्मा काढून पुसला, आणि अत्यंत सौजन्यानं विचारलं, "चहात नारळ का घातलात?"

गुण पडले शंभरांपैकी अठरा. अण्णांनी आकडा तोंडी सांगितला नाही, वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं लिहिला. माई म्हणाल्या, "छान झालंय हो."

आता या अठरा गुणांबद्दल मी अण्णांवर रागवावं की पुस्तकावर? माझं मत पुस्तकाच्या विरुद्ध आहे. पाककृतींच्या वाङ्मयात 'चवीनुसार' या शब्दाइतका बेजबाबदार शब्द नाही. कुणाच्या चवीनुसार? माझ्या, सासऱ्यांच्या की लेखकाच्या? ज्या पदार्थाचा रंगच मिरचीवरून आला, त्याच्या कृतीत 'मिरच्या ऐच्छिक' लिहिणं म्हणजे नाटकाच्या जाहिरातीत 'नायक ऐच्छिक' छापण्यासारखं आहे. तिखट पदार्थातून तिखट वजा केलं की सौम्य पदार्थ उरत नाही, वजाबाकी उरते. सौम्य पदार्थ हा सौम्य म्हणूनच जन्मावा लागतो. त्याच्या कर्त्यानं आलं, मिरी, आंबटगोड यांवरच सगळी भिस्त ठेवलेली असते आणि मिरचीची आठवणही त्याला झालेली नसते.

आणि असे पदार्थ आशियात ढिगानं आहेत. असायलाच हवेत. मिरची मुळात अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात या बाजूला आली. त्याआधी सयामच्या राजालाही तिखट म्हणून मिरी आणि आल्यावरच भागवावं लागत होतं. तेव्हा सौम्य जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य, हा समज निदान इतिहासाला धरून नाही. जुनी परंपरा तीच. मिरची ही नवकथेसारखी मागाहून आली आणि आपल्याआधी काही नव्हतंच, अशा थाटात वावरू लागली.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. इतिहास त्यांचा विषय. "म्हणजे मी मूळ परंपरेतला," ते म्हणाले. माई काही बोलल्या नाहीत. त्यांचा 'छान झालंय हो' हा शेरा तेवढा त्या दिवसाचा व्हायचा होता, तो जेवणानंतर झाला.

दुसरी कृती चिनी 'काँजी'. एक वाटी तांदूळ, नऊ वाट्या पाणी, मंद आचेवर तासाच्या वर, तांदळाचा दाणा दाणा आपलं व्यक्तिमत्त्व विसरेपर्यंत. वर आल्याच्या बारीक सळ्या, कांद्याची पात, चार थेंब भाजक्या तिळाचं तेल. बशी पुढं ठेवली. अण्णांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पेज!" ते म्हणाले. "मेतकूट कुठाय?"

मी चीनच्या हजारो वर्षांच्या संस्कृतीबद्दल बोलू लागलो. पण मला आठवलं की काँजी हा शब्दच मुळी तमिळ कंजीवरून निघालेला आहे. चिनी लोक त्याला आपल्या भाषेत निराळंच काही म्हणतात. म्हणजे शब्दाच्या बाबतीत तरी अण्णा माझ्याहून बरोबर होते. मेतकूट आणलं. ते त्यांनी भाजक्या तिळाच्या तेलावर भुरभुरलं, कालवलं, आणि मलाही एक घास घ्यायला लावला. समीक्षक म्हणून मला हे लिहिताना संकोच वाटतो, पण तो घास चांगला लागला. बावन्न गुण.

तिसरी कृती इंडोनेशियाची गाडो-गाडो. वाफवलेला कोबी, बटाटा, फरसबी, मोड आलेले मूग आणि त्यावर शेंगदाण्याचं दाट सार. सारात चिंच, ताडाचा गूळ आणि थोडं खोबऱ्याचं दूध. मूळ कृतीत मिरची वाटतात ती अर्थात मी घेतली नाही. अण्णा दोन घास खाऊन थांबले. "उपासाची दाण्याची आमटी," त्यांनी निदान केलं. "पण जावईबापू, उपासाला कोबी?" आज एकादशी नाही, हे मी कॅलेंडर दाखवून सिद्ध केलं. तरीही ते कोबी बाजूला काढूनच जेवले. आमटीच्या पावित्र्याचा प्रश्न होता. अठ्ठावन्न. कोबीचे दोन कापले, असं त्यांनी कडेला लिहिलं होतं.

याच सुमारास मला माझा आदर्श सापडला. सासरी जेवण करून घालणारा आशियातला सर्वांत थोर जावई कोण, असं मला कुणी विचारलं तर मी रासबिहारी बोस यांचं नाव घेईन. व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर १९१२ साली दिल्लीत बाँब पडला, त्या कटातला हा क्रांतिकारक. १९१५ साली इंग्रजांना चकवून जपानला पोचला. तोक्योच्या शिंजुकू भागात 'नाकामुराया' नावाचं पावमिठाईचं दुकान चालवणाऱ्या सोमा दांपत्यानं त्याला लपवलं, आणि १९१८ साली आपली मुलगी तोशिको त्याला दिली. जपानी लोकांना करी ठाऊक होती, पण ती इंग्रजांच्या हातून आलेली. मसाल्याची तयार पूड, मैद्याचा दाटपणा. ही करी नव्हे, असं बोसांचं ठाम मत. १९२७ साली सासऱ्यांच्या दुकानात उपाहारगृह निघालं आणि जावयाच्या आग्रहानं तिथं अस्सल हिंदी पद्धतीची करी मिळू लागली. नाकामुरायात ती आजही मिळते.

हा प्रसंग मी जेवताना मोठ्या उत्साहानं सांगितला. माझा रोख अर्थातच असा की जावयाच्या हातचं सासरच्यांनी मोठ्या मनानं खाल्लं. अण्णांनी विचारलं, "आणि ती मुलगी? तिला आवडली का?" मग मला सांगावं लागलं की तोशिको १९२५ सालीच गेली होती. लपंडावात काढलेली वर्षं, दोन लहान मुलं, आणि वयाची तिशीही गाठली नाही. करी आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. थोडा वेळ कुणी बोललं नाही. "म्हणजे बायको गेल्यावरही माणूस सासर धरून राहिला," अण्णा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी गुण लिहिले नाहीत. जेवण काय होतं ते माझ्याही लक्षात नाही.

चौथ्या आठवड्यात मी ब्रह्मदेशात शिरलो. तिथं खाऊस्वे नावाचा प्रकार आहे. नारळाच्या दुधाचं हळदी रंगाचं सार, त्याला दाटपणा यायला चक्क आपलं बेसन, आणि त्यात शेवया. १९४२ साली जपानी फौजा आल्यावर लाखो हिंदी माणसं ब्रह्मदेश सोडून निघाली, १९६२ साली लष्करी राजवट आल्यानंतर आणखी पुष्कळ आली, आणि त्यांच्या घराघरांतून खाऊस्वे आपल्याकडे रुजला. ही कथा मी सुरू करणार तोच अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"ब्रह्मदेश मला शिकवू नका. थिबा राजा आमच्या गावचा."

ही रत्नागिरीकरांची मालकी हक्काची जागा. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजाचं राज्य घेतलं आणि १८८६ साली त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली तो तिथंच वारला. आणि मधल्या काळात, म्हणजे १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक कुठं होते? मंडालेच्या तुरुंगात! "अदलाबदल," अण्णा म्हणाले. "त्यांचा राजा आमच्याकडे, आमचा त्यांच्याकडे." या ऐतिहासिक संबंधापोटी खाऊस्व्याला बासष्ट गुण पडले. प्रथम श्रेणी! दुसऱ्या दिवशी त्याच जोशात मी शान प्रांतातला टोफू केला. हा टोफू सोयाबीनचा नसतो. बेसन पाण्यात घोटून शिजवायचं, थाळीत ओतायचं, गार झालं की वड्या पाडायच्या. अण्णांनी वडी उचलली. "पाटवडी. वर खोबरं-कोथिंबीर विसरलात." मी मुकाट्यानं जाऊन खोबरं-कोथिंबीर घेऊन आलो.

एकूण माझी चढती कमान होती. अठरा, बावन्न, अठ्ठावन्न, बासष्ट. या आलेखावर मी इतका खूश होतो की दुसऱ्या परीक्षकाच्या उत्तरपत्रिकेकडे माझं लक्षच गेलं नाही. तिथं पहिल्या दिवसापासून एकच शेरा होता, 'छान झालंय हो'. चहात घातलेल्या नारळालाही आणि खाऊस्व्यालाही. जो टीकाकार सगळ्यालाच छान म्हणतो त्याच्याकडे जास्त संशयानं पाहिलं पाहिजे, हे साहित्यात मला पक्कं ठाऊक आहे.

एका रात्री एकच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. ओट्याशी माई उभ्या. माझी एक बरणी आहे, चिनी पद्धतीनं गरम तेलात सुक्या मिरच्यांचा भुगा आणि लसूण तळून ठेवलेली. माझ्या एकट्यासाठी, वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे. ती त्यांनी डाव्या हातानं काढली होती, झाकण कसं उघडलं देव जाणे, आणि दुपारच्या पोळीचा तुकडा तीत बुडवून उभ्या उभ्या खात होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा काही प्रसन्न होता की मी तसा तो लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

"यांना सांगू नका," त्या म्हणाल्या.

मी स्टूल ओढून दिलं. माई मूळच्या अकोल्याच्या, हे मला माहीत होतं, पण आपण त्याचा जेवणाशी संबंध कुठं लावतो? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अण्णांना अल्सर निघाला. दूध, ताकभात, गोडं वरण.

"दोन दोन स्वयंपाक कोण करणार?" माई म्हणाल्या.

"पण तुमच्यापुरता थोडा ठेचा?"

"ठेचा कुटायचा म्हणजे आवाज होतो हो. यांना ऐकू गेला की लगेच, मला चालत नाही ते तू का खातेस असं नव्हे, पण, बिचारे ओशाळायचे. मग नकोच म्हटलं."

"अल्सर बरा कधी झाला?"

"त्र्याऐंशी साली. डॉक्टर म्हणाले, आता काय वाटेल ते खा." त्यांनी पोळीचा शेवटचा तुकडा बरणीच्या कडेनं फिरवला. "पण तोवर यांना सवय झाली होती."

मी बाकीची रात्र जागा होतो. गेले चार आठवडे मी अर्धवट छापलेली पुस्तकं परीक्षणाला पाठवत होतो, हे माझ्या ध्यानात आलं. खाऊस्वे ब्रह्मदेशात कसा वाढतात? सार सौम्य, आणि भोवती वाट्याच वाट्या. लिंबू, तळलेल्या शेवया, कांदा, कोथिंबीर आणि मिरचीचा भुगा. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. थायलंडच्या खाणावळीत टेबलावर साखर, मिरचीचा भुगा, मिरच्या घातलेला शिरका आणि मासळीचं पाणी यांचा चौफुला मांडलेला असतो. जाव्यात सांबल बशीच्या कडेला. तिखट आचाऱ्याच्या हातात नाही, जेवणाऱ्याच्या हातात. आणि हे शिकायला मला ब्रह्मदेशात जायची गरजच नव्हती. आपल्या पानाला डावी बाजू आहेच की! मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. अण्णांच्या धास्तीनं मी डावी बाजूच कापून टाकली होती आणि उजव्या बाजूला कमी गुण का पडतात, म्हणून कपाळाला हात लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाऊस्वे केला. या वेळी वाट्यांसकट. मिरचीच्या तेलाची वाटी माईंच्या डावीकडे ठेवली आणि मोठ्यानं म्हणालो, "ब्रह्मदेशात पद्धतच आहे, अण्णा. थिबा राजासुद्धा असाच जेवत असणार." इतिहासाचा हा दुरुपयोग मला मान्य आहे.

माईंनी एक चमचा घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला अण्णा म्हणाले, "अगं, अगं, बाधेल."

"नाही बाधायचं."

त्या जेवल्या. नाक लाल झालं, पदरानं डोळे टिपले, आणि मग त्यांनी चमचा खाली ठेवून पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आज बरा झालाय. परवाच्यात मीठ कमी होतं. आणि ती चिनी पेज मला अजिबात आवडली नव्हती."

अण्णांचा घास हातातच राहिला. "पण तू तर छान म्हणालीस."

"ते काय, मी छप्पन्न वर्षं म्हणतेय."

आमच्या हिनं माझ्याकडे पाहिलं, मी वाटीकडे पाहिलं. अण्णा उरलेलं जेवण न बोलता जेवले. वर्तमानपत्राच्या कडेला काही लिहिलं नाही. रात्री मात्र मी पानं घेत होतो तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, हिच्या डावीकडे ते तुमचं तेल वाढा. जरा जास्तच."

प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, दोघं रत्नागिरीला परतली. महिन्याभरानं अण्णांचा फोन आला. हवापाणी झालं, आंब्याचा मोहोर झाला. मग म्हणाले, "माळ्यावरनं खलबत्ता काढलाय. हिच्या मनगटाला अजून जोर नाही, तेव्हा कुटतो मीच. आवाज फार होतो हो त्याचा."

"आणि लसूण? दिसतो का त्यात?"

"दिसतो," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले.

"माई काय म्हणतात?"

"पस्तीस दिले. तेही वर ढकललंय म्हणते."